गोविंदचा शर्ट

शिवरात्र झाल्यापासून बिजली दूध चोरायची. कास टम्म भरलेली असायची, पण सड मुठीत आले की ती दूध वर ओढून धरायची आणि मान वळवून बघत राहायची. मुसी नदीकाठचं गवत उन्हानं चरचरीत झालं होतं, पंखा लावूनही गोठ्यातला उकाडा हलत नव्हता, आणि बिजलीचं रेडकू संक्रांतीच्या सुमारास मेलं होतं. रेडकू लावून पान्हा काढायची सोय उरली नव्हती. तारामती पाटावर बसायची, म्हशीच्या पोटाला डोकं टेकवायची, ओल्या फडक्यानं कास पुसायची, पुन्हा पुसायची आणि थांबायची. घाई करून उपयोग नसतो. माणसाच्या मनात काय चाललंय तेही म्हशीला कळतं, असं तिचे सासरे हणमंतराव म्हणत. तारामतीच्या मनात अशा वेळी बहुतेक काहीच नसायचं. बोटं सकाळी बधिर असायची, तसंच ते.

गोठा उप्पलच्या अलीकडे, नदीच्या काठाला होता. हणमंतरावांचे वडील निजामाच्या राज्यात देगलूरकडून म्हशी हाकत आले आणि इथं गवताच्या वाफ्यांशेजारी राहिले. आता तिन्ही अंगांनी अपार्टमेंटं उठली होती, गव्हाणीपाशी उभं राहिलं की मेट्रो जाताना दिसायची. गिऱ्हाईक मात्र वाढलं होतं. गडीमाणसानं धार काढायची, कर्त्यानं माप घालायचं, बायकांनी शेण आणि वैरण बघायची, ही त्या घरची रीत. गोविंद हा हणमंतरावांचा थोरला आणि तारामतीचा नवरा. तो वैरण कापायच्या कुट्टीच्या मोटारीला शॉक लागून, चिकटून गेला, तेव्हा म्हाताऱ्याचा खांदा आधीच निकामी झालेला होता आणि धाकटा संदेश विमानतळावर टॅक्सी चालवत होता. तेरावं व्हायच्या आत म्हशींनी दूध तोडलं. म्हाताऱ्यानं खुंटीवरचा गोविंदचा चौकड्यांचा शर्ट काढला आणि सुनेच्या हातात दिला. हा घालून बस, वासानं उभ्या राहतील, एवढंच म्हणाला. तिनं साडीवर शर्ट चढवला, बाह्या दुमडल्या आणि बसली. म्हशी उभ्या राहिल्या.

त्याला आठ वर्षं झाली होती. रीत मोडली असं कधी कोणी म्हटलं नाही. शर्ट गोविंदचा होता, त्यामुळं धार गोविंदच काढतोय असं धरून चाललं होतं.

माप हणमंतराव घालत. फाटकाशी त्यांची खुर्ची, शेजारी कॅन, हातात जर्मनचं मापटं. लिटर भरून झाला की भांड्यात वर एक बारीक धार सोडायची त्यांची सवय होती. ही आमच्याकडनं, असं म्हणायचे. गिऱ्हाइकं त्यावर खूश असत आणि आबांचा हात मोठा आहे असं एकमेकांना सांगत.

त्या आठवड्यात सायली आली. ती पुण्याची, एका संगणकाच्या कंपनीत कामाला, तारनाक्याला राहायची आणि जामबागच्या मराठी महिला मंडळाचं काम बघायची. मंडळाच्या अध्यक्ष मालतीबाई शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या घरी पूर्वी हणमंतराव सायकलवर दूध घालत. महिला दिनाला प्रेरणादायी स्त्री म्हणून तारामतीचा सत्कार करायचा, हे त्यांनीच सुचवलं होतं. कार्यक्रमात दाखवायला सायलीला पाच-सात मिनिटांची फिल्म करायची होती. ती बुटांनिशी शेणात उतरली, तक्रार केली नाही. म्हशींची नावं विचारली. तारामतीची मुलगी गौरी कॉलेजातून आली, तिच्याशी इंग्रजीतून बोलली. गौरीला बरं वाटलं.

संध्याकाळच्या धारेला सायली मोबाइल धरून बिजलीशेजारी उकिडवी बसली. बऱ्याच वेळानं बिजलीनं पान्हा सोडला, बादलीत धार वाजायला लागली आणि नेमकी तेव्हाच सायलीनं विचारलं, "ताई, हा शर्ट यजमानांचा ना?"

धार चालू असताना बोलायचं नसतं. "हूं," तारामती म्हणाली.

तो गोविंदचा नव्हता. गोविंदचा शर्ट तीन वर्षांपूर्वी एका व्यालेल्या म्हशीच्या शिंगात अडकून काखेपासून खालपर्यंत फाटला. तो शिवण्यातला राहिला नव्हता. गौरीच्या कॉलेजच्या प्रवेशाला तारामती दिलसुखनगरला गेली होती तेव्हा रस्त्याच्या कडेला शर्टांचा ढीग लावलेला दिसला. त्यातून तिनं तसाच चौकड्यांचा काढून घेतला. पहिले काही दिवस म्हशी फुरफुरल्या, नंतर सवय झाली. फाटक्या शर्टाची तिनं कास पुसायची फडकी केली. कोणाला सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही. नवा शर्टही ती साबणाला लावत नसे, नुसत्या पाण्यातून काढून वाळत टाकी. तीन वर्षांत तो कोणत्याही पुरुषाच्या अंगाला लागला नव्हता.

धार संपल्यावर सायलीला हे सांगता आलं असतं. पण तोवर ती संदेशशी बोलायला लागली होती. संदेशची टॅक्सी दिवाळीत मालकानं परत नेली होती. तेव्हापासून तो घरीच होता, पुढच्या पडवीत बाजेवर पडून मोबाइल बघायचा. माणूस वाईट नव्हता. वैनीला हसवायचा, गौरीला स्टँडपर्यंत सोडायचा. सायलीनं विचारलं, तुम्ही धार काढता का? तो म्हणाला, मॅडम, मला गिअर कळतात, सड नाही कळत. सायली हसली. त्याच्या मागं खुर्चीत बसलेले हणमंतराव हसले नाहीत.

कार्यक्रम जामबागच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होता. हणमंतरावांनी आदल्या दिवशी दाढी करून घेतली, पांढरी टोपी घातली. गौरीनं आईला जांभळी साडी नेसवली. ऑटोत संदेश म्हणाला, वैनी, आता ऑटोवाल्यानं तुमच्याकडनं पैसे नाही घ्यायला पाहिजे. ऑटोवाल्यानं मागं बघितलं, त्याला काही कळलं नाही.

हॉलमध्ये बायकाच बायका होत्या. मालतीबाईंनी हणमंतरावांना पुढच्या ओळीत बसवलं. मग कोणा पाहुण्या आल्या, त्यांना जागा हवी होती. एका मुलीनं आजोबा, जरा मागं चालेल का, असं विचारलं. ते उठले. तिसऱ्या ओळीत संदेशशेजारी जाऊन बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

मंचावर चौघींचा सत्कार होता. हळदीकुंकवाचं तबक घेतलेली मुलगी एकेकीला लावत आली आणि तारामतीपाशी येऊन घुटमळली. तिनं मालतीबाईंकडं बघितलं. मालतीबाई पुढं झाल्या, माइक हातात घेतला. आमच्या मंडळात विधवा आणि सवाष्ण असा भेद आम्ही करत नाही, असं म्हणाल्या आणि स्वतःच्या हातानं तारामतीच्या कपाळाला कुंकू लावलं. टाळ्या झाल्या. त्यांनी ते मनापासून केलं होतं. तारामती समोर बघत राहिली. कुंकू घामात भिजून नाकाच्या शेंड्याकडं येत होतं. हातात शाल, नारळ आणि काचेचं सन्मानचिन्ह असल्यानं पुसता येत नव्हतं.

मग फिल्म लागली. पडदाभर बिजलीची कास दिसली, तिच्यावर तारामतीचे हात. सायलीचा आवाज येत होता. घरात कर्ता पुरुष उरला नाही तेव्हा या स्त्रीनं पतीचा शर्ट अंगावर चढवला. तो तिनं आजही उतरवलेला नाही. आज ती या गोठ्याची मालकीण आहे. मागं सतार वाजत होती. दुसऱ्या ओळीतल्या दोघी-तिघींनी डोळ्यांना पदर लावला. हॉल उभा राहून टाळ्या वाजवायला लागला तेव्हा संदेशही उभा राहिला. हणमंतराव बसून राहिले. उभ्या माणसांमधून तारामतीला त्यांची नुसती मांडी दिसत होती, टोपी, आणि टोपीवरचे दोन हात.

परतताना हणमंतरावांनी ऑटोत टोपी पुन्हा डोक्यावर घातली. फाटकाशी उतरल्यावर संध्याकाळचं गिऱ्हाईक खोळंबलं होतं. त्यांनी टोपी न काढता, निघण्याआधी काढून ठेवलेल्या दुधाचं माप घातलं, वरची धारही सोडली. नंतर चूळ भरताना सुनेकडं न बघता म्हणाले, "उद्यापासून संदेश बसेल धारेला."

संदेश म्हणाला, "आबा, मला कुठं येतंय?"

"पोरगं आहेस तू या घरातलं. आज हॉलभर लोकांनी ऐकलं की या घरात पुरुष नाही. तू टाळ्या वाजवल्यास."

गौरीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तारामतीनं तिच्या हातात शाल दिली आणि घडी करून ठेवायला सांगितलं. साडी बदलली, शेण भरलं, गव्हाणीत चुनी भिजत घातली. काचेचं चिन्ह गौरीनं टीव्हीवर ठेवलं, ते कलंडायला लागलं तेव्हा खाली घडी केलेला कागद सरकवला. अंथरुणावर तिनं विचारलं, आई, तू का नाही काही बोलली? तारामती म्हणाली, झोप. आपल्याला वाईट वाटायला पाहिजे हे तिला कळत होतं. ती वाट बघत राहिली. वाईट वाटणं काही आलं नाही, झोप आली.

सकाळी संदेश पाटावर बसला. बिजलीनं त्याला शेपटी मारली आणि दूध वर धरलं. त्यानं दोन-तीनदा ओढलं, तिनं पाय झाडला, रिकामी बादली गडगडत गेली. हणमंतराव काठी टेकत आत आले. सुनेच्या अंगावरच्या शर्टाकडं बघून म्हणाले, "तो काढून दे त्याला."

तारामतीनं बटणं काढली. उजव्या हाताची बोटं बधिर होती, त्यामुळं वेळ लागला. संदेशनं शर्ट घालताना नाक मुरडलं, वैनी, याला धुता का नाही कधी, असं म्हणाला. खांद्यात तो त्याला तंग झाला. मग तो पुन्हा बसला. तारामतीनं त्याला कास कशी पुसायची, मूठ कुठं धरायची ते सांगितलं. बिजलीनं मान वळवली, बाहीचा वास घेतला. थांबली. थोड्या वेळानं सड फुगले आणि धार लागली.

हणमंतरावांनी पुढं होऊन शर्टाची बाही दोन बोटांत धरली. "अजून आहे बघ त्याच्यात," ते म्हणाले. "पोरगं अजून आहे माझं."

तारामती बादलीतला फेस बघत उभी होती. वास तिचा होता, तीन वर्षांच्या घामाचा. तो आता संदेशच्या अंगावर होता आणि म्हस त्याला दूध देत होती. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण म्हातारा बाही सोडत नव्हता. तिनं फावडं घेतलं आणि शेणाकडं गेली.

पुढचे दिवस असेच गेले. ती पहाटे उठायची आणि हाताला पाटाकडं जायची सवय असल्यानं दर वेळी अर्ध्यातून वळायची. गवताचे भारे उतरवून घ्यायची, कुट्टी करायची, म्हशींवर पाणी मारायची, दुपारभर शेण उचलायची. फाटकाशी बायका विचारायच्या, तुमचा व्हिडिओ बघितला, मंडळात आता बोलावतात का? ती हौ म्हणायची. गौरीनं व्हिडिओखालची मराठी अडखळत वाचून दाखवली. अशाच स्त्रियांमुळे समाज, एवढं वाचून झालं, पुढचा शब्द तिला लागेना. राहू दे, तारामती म्हणाली. सायलीचा फोन आला, कशा आहात ताई, आता शाळाशाळांमधून मुलींशी बोलायला याल का? समानता म्हणजे काय हे तुमच्या तोंडून ऐकायला हवं त्यांना. तारामतीनं विचारलं, कधी? सायली म्हणाली, शक्यतो सकाळी. सकाळी रिकामीच असते, तारामती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

दूध कमी व्हायला लागलं. आधी एका म्हशीचं, मग सगळ्यांचंच. संदेशच्या अंगाला तंबाखूचा वास यायचा, टॅक्सीत मारायचा तो अत्तराचा फवारा अजून मारायचा, आणि घाम त्याचा वेगळा होता. शर्ट रोज त्याच्या अंगावर होता. फाटकाशी कॅन तळाला जायचा तरी दोन-तीन भांडी उरायची. हणमंतरावांनी वरची धार बारीक केली, बंद नाही केली. उन्हानं आटलं असं सांगत राहिले. एका अपार्टमेंटनं पाकिटाचं दूध लावलं.

मग एका पहाटे बिजलीनं अजिबात दिलं नाही. संदेशनं शर्टाची बाही तिच्या नाकाला लावली. तिनं फुरफुर केलं आणि तोंड फिरवलं. तो उठून पडवीत गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या हातात लहान बाटली होती आणि सुई.

गल्लीतले बाकीचे गोठेवाले सर्रास सुई मारत, पान्हा लगेच सुटायचा, आणि दोन-तीन वर्षांत म्हस पार खलास व्हायची. हणमंतरावांनी हयातभर एकदाही मारू दिली नव्हती. एकदा एका गवळ्याला त्यांनी त्यावरून फाटकाबाहेर काढलं होतं. आता ते काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. संदेश म्हणाला, "उन्हाळ्यापुरती आबा. गिऱ्हाईक तुटायलंय."

म्हातारा बिजलीकडं बघत राहिला. "विसरली ती त्याला," म्हणाला. "म्हशीला किती दिवस ध्यानात राहणार?" आणि थोड्या वेळानं, खाली बघत, "मार. उन्हाळ्यापुरती."

तारामती शेणाची पाटी डोक्यावर घेऊन दारात उभी होती. तिनं ती खाली ठेवली. "सुई ठेवा संदेशभावजी."

"वैनी, बोलू नका मधे."

"तो शर्ट त्यांचा नाही," ती सासऱ्यांना म्हणाली. "त्यांचा तीन वर्षांखाली फाटला. हा मी दिलसुखनगरला रस्त्यावरनं घेतला. मीच घातला त्याच्यानंतर. दुसरं कोणी नाही."

संदेशनं अंगावरच्या शर्टाकडं बघितलं, जणू तो पेटलाय.

"बाही धरली होती मी," म्हातारा म्हणाला.

"हौ."

"तेव्हा नाही बोललीस."

"नाही बोलले."

तिनं पाय धुतले, संदेशला पाटावरनं उठवलं आणि बसली. शर्ट मागितला नाही. साडीचा पदर खोचला, बिजलीच्या पोटाला डोकं टेकवलं. तिच्या अंगाला शेणाचा वास होता, बाकी काही नव्हतं. बिजलीनं पाय बदलला. तारामतीनं पुसलं, थांबली, पुन्हा पुसलं. बाहेर फाटकाशी गिऱ्हाइकं जमायला लागली होती, कोणी भांडं गजावर वाजवत होतं. खूप वेळ गेला. मग तिच्या तळहाताखाली सड गरम झाले, भरले, आणि बादलीच्या पत्र्यावर पहिली धार वाजली. तिला आनंद झाला नाही. बोटं दुखायला लागली, एवढं झालं.

बिजली संपवून ती उठली तेव्हा हणमंतराव शेजारच्या म्हशीपाशी खाली बसलेले होते. त्यांना खाली बसता येत नसे, कसे बसले कोण जाणे. "त्याचा कुठंय मग?" त्यांनी विचारलं.

"फडकी केली त्याची. हे एवढं राहिलं." तिनं हातातलं फडकं दाखवलं. झिजून जाळी झालं होतं, कडेला एक काज होतं आणि चौकडीच्या निळ्या रेघा ओल्यात जरा दिसत होत्या.

त्यांनी हात पुढं केला. तिनं ते पाण्याच्या बादलीत बुचकळून, पिळून त्यांच्या हातात दिलं. ते घेऊन म्हातारा दुखऱ्या खांद्यानं म्हशीची कास पुसायला लागला. पुसून झाली तरी पुसत राहिला. संदेश शर्ट काढून उघडाच उभा होता. शर्ट कुठं ठेवायचा ते त्याला कळत नव्हतं.

गजावरचं भांडं जोरात वाजलं. कोणी तेलुगूत ओरडलं, दूध मिळणार आहे का नाही?

"जा," हणमंतराव मान वर न करता म्हणाले. "माप घाल तू."

तिनं दुधाची बादली कॅनमध्ये रिकामी केली आणि कॅन उचलला. सुई आणि बाटली गव्हाणीच्या काठावर होती. ती तिनं जाताजाता घेतली आणि फाटकाबाहेरच्या गटारात टाकली. खुर्चीत बसली नाही, उभीच राहिली. पहिली बाई समोरच्या अपार्टमेंटातली होती. मापटं हातात कोणाच्या आहे ते तिनं बघितलं आणि म्हणाली, काय अम्मा, आज आबांना सुट्टी? दुधात पाणी जास्त पडलं म्हणून लपले वाटतं.

तारामतीनं काठोकाठ एक लिटर ओतला. बाईनं भांडं तसंच पुढं धरून ठेवलं. वरची धार सोडायची की नाही ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. ती धार काढायला मनगट किती दुखतं ते तिला माहीत होतं.

तिनं मापटं कॅनवर उपडं ठेवलं. बाईनं थोडा वेळ वाट बघितली आणि भांड्यावर झाकण घातलं.

"पुढं," तारामती म्हणाली.